जाण्याआधी सही द्या : विद्यापीठांच्या परीक्षा विभागांना आणि अभ्यास मंडळांना खुलं पत्र

प्रति,
संचालक, परीक्षा व मूल्यमापन मंडळ,
अभ्यास मंडळांचे अध्यक्ष, अधिष्ठाता आणि विभागप्रमुख,
महाराष्ट्रातील सर्व सार्वजनिक विद्यापीठे

विषय : एक सत्र दुसऱ्या विद्यापीठात शिकून आलेल्या विद्यार्थ्यांचे क्रेडिट

स.न.वि.वि.

माझ्याकडे एकाच सत्राच्या दोन गुणपत्रिका आहेत. एक जर्मनीतल्या ग्योटिंगेन विद्यापीठाची. तिच्यावर पाच विषय, ३० क्रेडिट (म्हणजे अभ्यासाच्या तासांवरून मोजलेले श्रेयांक) आणि सगळ्यांत उत्तीर्ण. दुसरी माझ्या स्वतःच्या विद्यापीठाची. तिच्यावर एम.एस्सी. भूगोल, तिसरं सत्र आणि प्रत्येक विषयापुढे ‘एबी’. अ‍ॅबसेंट. ऑक्टोबर २०२४ ते मार्च २०२५ या सहा महिन्यांत मी आयुष्यात कधी केला नव्हता एवढा अभ्यास केला, आणि माझ्या विद्यापीठाच्या दप्तरी मी ते सहा महिने गैरहजर आहे.

मी कुणाला न सांगता गेले नव्हते. दोन्ही विद्यापीठांत करार होता. विभागाच्या फलकावर नोटीस लागली, अर्ज मागवले, मुलाखती झाल्या, माझी निवड झाली. इरॅस्मस प्लस या युरोपीय संघाच्या योजनेची शिष्यवृत्ती मिळाली. निघण्याच्या आधल्या आठवड्यात विभागात छोटा कार्यक्रम झाला, सरांनी पुस्तक आणि गुलाबाचं फूल दिलं. त्या पुस्तकात सरांनी लिहिलेल्या दोन ओळी मी तिकडे अनेकदा वाचल्या. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आजही आदरच आहे.

विद्यापीठाचं नाव इथे लिहीत नाही, कारण ही एका विद्यापीठाची गोष्ट नाही. परत आल्यावर माझ्यासारख्या काही मुलामुलींशी बोलणं झालं. कुणी नागपूरकडचं, कुणी मुंबईचं, कुणी कोल्हापूरकडचं. देश वेगळे, विषय वेगळे, पण परीक्षा विभागाच्या खिडकीवर ऐकायला मिळालेली उत्तरं जवळजवळ तीच. म्हणून हे पत्र सगळ्यांना.

आधी मी तिथे काय शिकले ते सांगते. त्याशिवाय काय पुसलं गेलं ते कळायचं नाही.

ऑक्टोबरच्या अखेरीला आमच्या मृदाशास्त्राच्या बाई आम्हा बारा जणांना शहराबाहेर एका उतारावर घेऊन गेल्या. तिथे छातीएवढा खोल खड्डा आधीच खणून ठेवला होता. बाई शिडी न घेता खड्ड्यात उतरल्या, चाकूने भिंत तासून घेतली आणि मातीचा एक लहान गोळा काढून बाटलीतलं पाणी त्यावर शिंपडलं. मग अंगठा आणि तर्जनीमध्ये तो गोळा दाबत दाबत त्याची पट्टी काढली. पट्टी लगेच तुटली तर वाळू जास्त, लांब निघाली तर चिकणमाती जास्त. अधेमध्ये पिठासारखी मऊ लागते ती पोयटा. तो सगळा परिसर वाऱ्याने वाहून आणलेल्या बारीक मातीचा, ज्याला आपण पुस्तकात लोएस म्हणतो. पहिल्या वर्षाला लोएसची व्याख्या मी पाठ करून लिहिली होती, त्यावर चांगले मार्कही पडले होते. ती बोटांना पीठासारखी लागते हे मला त्या थंडीत, नखांत माती गेल्यावर कळलं.

बाईंनी एकेकाला विचारलं, तुमच्याकडची माती कशी असते. माझी पाळी आली तेव्हा मी आमच्या रानाबद्दल सांगितलं. आमचं गाव भीमेच्या खोऱ्यात. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात, त्यांत कोपरापर्यंत हात जातो. पाऊस पडला की तीच माती फुगते, भेगा मिटतात आणि पायाला अशी चिकटते की चप्पल रानातच राहते. एका मुलाने विचारलं, मग अशा जमिनीवर तुम्ही घरं कशी बांधता? मी म्हटलं, नाहीच बांधत. आमच्याकडे काळी आणि पांढरी असे दोन शब्द आहेत. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे गावठाण. जुन्या लोकांनी घरं पांढरीत घातली आणि काळी पिकासाठी ठेवली. हे सांगताना माझ्याच लक्षात आलं की मी लहानपणापासून वापरते ते दोन शब्द म्हणजे जमिनीच्या वापराचा एक अख्खा नकाशा आहे. बाईंनी ते दोन शब्द वहीत लिहून घेतले. मला स्पेलिंग विचारलं.

तिथे सत्राच्या शेवटी तीन तासांचा पेपर प्रत्येक विषयाला नसतो. दोन विषयांना मला पंधरा-पंधरा पानांचा निबंध लिहायचा होता, तोही वर्ग संपल्यानंतरच्या सुट्टीत. मी मृदाशास्त्राचा निबंध चोपण जमिनीवर लिहिला. कॅनॉलचं पाणी आलं, ऊस आला, पाण्याचा निचरा होईना, खालचे क्षार वर आले आणि चांगली काळी जमीन चोपण झाली, हे आमच्या शिवारात मी बघत आले होते. ते शास्त्राच्या भाषेत कसं मांडायचं, सोडियम मातीच्या कणांना काय करतं, जिप्सम टाकल्यावर काय होतं, हे तिथल्या ग्रंथालयात बसून शिकले. वडिलांना रोज संध्याकाळी फोन करायचे. आपल्या शिवारात कुठे काळी, कुठे मुरमाड, कुठे बरड, कुठे खारवट, ते त्यांनी गट नंबरांसकट सांगितलं. एकदा भेगेत खुरपं उभं घालून त्याचा फोटो पाठवला, किती खोल गेलं ते दिसावं म्हणून. तो फोटो माझ्या निबंधाच्या नवव्या पानावर आहे. त्या निबंधाला १.३ श्रेणी मिळाली.

जर्मनीत १.० ही सर्वांत वरची श्रेणी असते आणि ४.० ला माणूस कसाबसा पास होतो. म्हणजे १.३ फार चांगली. हे मी इथे मुद्दाम लिहिते, कारण परत आल्यावर परीक्षा विभागात माझी गुणपत्रिका हातात घेऊन एका ताईंनी मला अगदी काळजीने विचारलं होतं, “एक पॉइंट तीन? दहापैकी?”

त्या ताईंचा राग नाही. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, माझं सगळं ऐकून घेतलं, आणि मग संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवून दाखवला. परीक्षेच्या प्रणालीत प्रत्येक विषयापुढे तीनच पर्याय होते : हजर, गैरहजर, गैरप्रकार. “ताई, तू दुसरीकडे परीक्षा दिलीस हे मला पटतंय गं. पण ते टाकायला इथे रकानाच नाही. मी टाकू कुठे?” त्या खरंच अडचणीत होत्या. मला हजर दाखवावं तर उत्तरपत्रिका नाही. मग राहिलं काय ते माझ्या गुणपत्रिकेवर छापून आलं.

रकाना तयार करणं त्यांच्या हातात नव्हतं. तो आपल्या हातात आहे.

पुढच्या दोन महिन्यांत मी जे ऐकलं ते असं. विभागप्रमुखांनी जाण्याआधी एका कागदावर सही केली होती. त्याला तिकडे लर्निंग अ‍ॅग्रीमेंट म्हणतात. विद्यार्थी, पाठवणारं विद्यापीठ आणि घेणारं विद्यापीठ, तिघांच्या सह्या असतात. मुलगी तिकडे अमुक अमुक विषय घेणार आणि परत आल्यावर आम्ही ते मानणार, असं त्यात लिहिलेलं असतं. परीक्षा विभाग म्हणाला, ही विभागाची सही झाली, विद्यापीठाची नव्हे. समकक्षता, म्हणजे तिकडचा कुठला विषय इकडच्या कुठल्या विषयाइतका धरायचा, ती अभ्यास मंडळाने ठरवायची. अभ्यास मंडळाची बैठक झाली होती, पुढची कधी ते ठरलं नव्हतं. मंडळाने मान्य केलं तरी विद्या परिषदेचा ठराव लागेल. तोवर चौथ्या सत्राचा परीक्षा अर्ज भरायची मुदत संपत होती, आणि तिसऱ्याची टर्म ग्रँट नाही, म्हणजे हजेरी भरून ते सत्र मान्य झालेलं नाही, म्हणून चौथ्याचा अर्ज पोर्टल घेईना.

जेव्हा एकदा विषयांवर चर्चा झाली तेव्हा ती विषयांच्या नावांवर झाली. मृदाशास्त्र? ते आपल्याकडे पहिल्या वर्षाला आहे, ते तू पास झालीस, पुन्हा कसं देणार? जर्मन भाषा? भूगोलाच्या अभ्यासक्रमात भाषा नाही. सुदूर संवेदनाचा, म्हणजे उपग्रहाच्या चित्रांवरून जमीन अभ्यासण्याचा, विषय तेवढा जुळतो, पण आपल्याकडे त्याला प्रात्यक्षिकाचे वेगळे क्रेडिट आहेत, तिकडे एकत्रच दिसतात. तो खड्डा, ती पंधरा पानं, ते नववं पान, यातलं काहीही त्या खोलीत कुणी उघडून पाहिलं नाही. निबंधाची प्रत मी बरोबर नेली होती. पिशवीतून काढायची वेळच आली नाही.

नावांऐवजी तास मोजले असते तर? राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाला १२०० तास आणि ४० क्रेडिट धरलेत, म्हणजे एका क्रेडिटला ३० तास. आपल्याकडे एम.एस्सी.चं एक सत्र २२ क्रेडिटचं. ते झाले ६६० तास. युरोपात एका वर्षाला ६० क्रेडिट, एका क्रेडिटला २५ ते ३० तास. माझे ३० क्रेडिट म्हणजे कमीत कमी ७५० तासांचं काम. कोणत्याही बाजूने मोजा, मी आपल्या सत्रापेक्षा जास्त काम करून आले होते. हे गणित दोन ओळींचं आहे, आणि क्रेडिट ही कल्पना दोन्हीकडे ज्यासाठी आणली तेच गणित आहे. नावं जुळली नाहीत तरी काम जुळतं.

आता वेळापत्रकाबद्दल, कारण खरी गाठ तिथे आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. आपलं विषम सत्र साधारण जून-जुलैला सुरू होतं आणि नोव्हेंबर-डिसेंबरात परीक्षा होतात. सम सत्र डिसेंबर-जानेवारी ते मे. जर्मनीत हिवाळी सत्र १ ऑक्टोबर ते ३१ मार्च आणि उन्हाळी १ एप्रिल ते ३० सप्टेंबर असं असतं. हिवाळी सत्राचे वर्ग ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होऊन फेब्रुवारीत संपतात, निबंध मार्चअखेर द्यायचे, निकाल त्यानंतर हळूहळू येतात. म्हणजे त्यांचं एक सत्र आपल्या दोन सत्रांवर आडवं पडतं. मी निघाले तेव्हा आपलं तिसरं सत्र अर्ध्याहून जास्त झालं होतं. परतले तेव्हा चौथं अर्धं झालं होतं. माझी तिसऱ्याची हजेरी ७५ टक्के भरली नाही, चौथ्याची तर प्रश्नच नव्हता. दोन्ही टर्म गेल्या. २०२५च्या जूनमध्ये मी खालच्या वर्गातल्या मुलांबरोबर पुन्हा तिसऱ्या सत्राला बसले, पुन्हा फी भरली. दोन वर्षांची पदवी मला तीन वर्षांत मिळाली.

हे वेळापत्रक करार करताना दोन्ही बाजूंना माहीत होतं. ते बदलता येणार नाही, हेही खरं. पण आपल्याकडे असल्या अडचणीतून वाट काढायची पद्धत आहेच. विद्यापीठाचा खेळाडू राष्ट्रीय स्पर्धेला जातो, एनसीसीचा कॅडेट प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाला महिनाभर दिल्लीत असतो. त्यांची हजेरी आपण भरून घेतो, परीक्षा हुकली तर वेगळी सोय करतो, आणि ते बरोबरच आहे. ती मुलं विद्यापीठाच्या कामाला गेलेली असतात. करारावर गेलेली मुलगी कुणाच्या कामाला गेलेली असते? तिच्या टी-शर्टावर नाव नसलं तरी ती विद्यापीठाच्याच नावाने तिथे ओळखली जाते. मला पहिल्या दिवशी दिलेल्या कार्डावर माझ्या नावाखाली माझ्या विद्यापीठाचं नाव होतं.

पैशाबद्दल थोडक्यात. करारामुळे तिकडे शिकवणीची फी नव्हती. शिष्यवृत्तीही होती, पण तिचा पहिला हप्ता तिथे पोचून बँकेत खातं उघडल्यावर येतो. तोवर व्हिसा, विमान, खोलीची अनामत, पहिल्या महिन्याचं भाडं हे सगळं खिशातून. वडिलांनी आईच्या पाटल्या पतसंस्थेत तारण ठेवून दीड लाख उचलले. ते कर्ज शिष्यवृत्तीतून फिटलं. पण एक वर्ष जास्त शिकावं लागलं, त्या वर्षाची फी, मेस, खोली आणि नोकरी नसलेले बारा महिने, यांचा हिशेब कुठल्या शिष्यवृत्तीत बसत नाही. शहरातल्या, हात मोकळा असलेल्या घरातल्या मुलीला ते वर्ष परवडतं. आमच्यासारख्या घरात मुलीचं एक वर्ष वाया गेलं की शेजारीपाजारी लग्नाचं विचारायला लागतात. माझ्या आईने ते वर्ष कसं निभावलं ते मला माहीत आहे.

माझ्यासारखंच पूर्वी एका इटालियन मुलीच्या बाबतीत घडलं होतं. सोफिया कोर्राडी तिचं नाव. ती कायद्याची विद्यार्थिनी. अमेरिकेच्या फुलब्राइट शिष्यवृत्तीवर १९५७-५८ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकून, तिथली पदव्युत्तर पदवी घेऊन ती रोमला परतली. आणि रोमच्या विद्यापीठाने ते शिक्षण मानायला नकार दिला. खिडकीवर अपमान झाला तो वेगळाच. त्या बाईंनी पुढची कितीतरी वर्षं एकच गोष्ट लावून धरली : परदेशात दिलेली परीक्षा घरच्या विद्यापीठाने मानली पाहिजे. कुलगुरूंना पटवलं, मंत्र्यांना पटवलं. १९८७ साली युरोपात इरॅस्मस योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी गेले. आज या योजनेतून जाऊन आलेल्या सगळ्यांची मिळून संख्या कोटीच्या वर आहे. इटलीत त्या बाईंना इरॅस्मसची आई म्हणतात. मी ज्या योजनेतून गेले तिचं मूळ म्हणजे एका मुलीला परीक्षा विभागाच्या खिडकीवरून परत पाठवलं होतं, हे मला परत आल्यावर, स्वतः खिडकीवरून परत आल्यावर कळलं.

कोलंबियाचं नाव आपल्याला सांगायला नको. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ तिथे शिकले, मग लंडनला गेले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्ध्यावर सोडून त्यांना परत यावं लागलं. पण निघताना लंडन विद्यापीठाने त्यांना चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा दिली होती. १९२० साली ते पुन्हा गेले. १९२१ला एम.एस्सी., १९२३ला डी.एस्सी. त्यांच्या जिद्दीबद्दल आपण नेहमी बोलतो, बोललंच पाहिजे. मला या गोष्टीत ती परवानगीही दिसते. कुणीतरी, माणूस निघण्याच्या आधी, त्याच्या शिकण्याची जागा राखून ठेवली होती. नियम त्यांच्याकडेही असणारच.

आपल्याकडे नियम नाहीत असं नाही. क्रेडिटची बँक २०२१ सालापासून आहे, त्यात जमा झालेले क्रेडिट सात वर्षांपर्यंत टिकतात. परदेशी विद्यापीठांबरोबरच्या जुळ्या, संयुक्त आणि दुहेरी पदव्यांची नियमावली २०२२ साली आली. पण एका सत्रापुरती जाऊन आलेली मुलगी या तिन्हींत बसत नाही, असं मला सांगण्यात आलं. आणि परदेशी विद्यापीठ आपल्या क्रेडिट बँकेत परस्पर क्रेडिट टाकत नाही, ते आपल्या विद्यापीठाने मानून चढवायचे. म्हणजे सगळं पुन्हा फिरून त्याच टेबलावर येतं. तो निर्णय दिल्लीत अडलेला नाही. आपल्याच इमारतीत, दुसऱ्या किंवा तिसऱ्या मजल्यावर आहे.

म्हणून माझं मागणं असं आहे. विद्या परिषदेने एकदाच एक ठराव करावा : कराराखाली गेलेल्या विद्यार्थ्याच्या लर्निंग अ‍ॅग्रीमेंटवर विभागप्रमुखाबरोबर अभ्यास मंडळाचे अध्यक्ष आणि परीक्षा विभागाचे एक अधिकारी मुलगी निघण्याआधी सही करतील, आणि ती सही म्हणजे विद्यापीठाची सही. प्रत्येक मुलासाठी नवा ठराव लागू नये. विषय ठरवताना नाव जुळवू नये, तास आणि पातळी बघावी. एखादा विषय खरोखर आपल्या पदवीसाठी अत्यावश्यक असेल तर तो परतल्यावर द्यावा लागेल, हे आधीच त्या कागदावर लिहावं. मुलगी त्या हिशेबाने तयारी करेल. तिकडे गेल्यावर एखादा विषय रद्द झाला, वेळा जुळल्या नाहीत, असं होतंच. माझा एक विषय पहिल्याच आठवड्यात बदलावा लागला. तेव्हा ईमेलवर बदल मान्य करणारं एक नाव, एक पद ठरलेलं असावं.

परीक्षेच्या प्रणालीत चौथा पर्याय टाकावा. त्याला काय म्हणायचं ते आपण ठरवा. ‘करारान्वये अन्यत्र’ म्हणा, ‘विनिमय’ म्हणा. त्या ताईंना तेवढा एक पर्याय मिळाला असता तर माझ्यासाठी पुढचं सगळं बदललं असतं. तिकडचा निकाल उशिरा येतो, तोवर निकाल राखीव ठेवण्याची पद्धत आपल्याकडे आहेच, तीच वापरावी आणि पुढच्या सत्राचा अर्ज तात्पुरता स्वीकारावा. परतल्यावर चौथ्या सत्राच्या राहिलेल्या भागासाठी विभागाने जादा तास, प्रकल्प, उन्हाळ्यातली परीक्षा, यातलं काही ठरवून द्यावं. आम्ही मे महिनाभर बसायला तयार असतो.

श्रेणींचं रूपांतर करत बसू नये, असं माझं मत आहे. १.३ चे दहापैकी किती, यावर कुणी सूत्र मांडेल, कुणी दुसरं मांडेल, आणि कुठल्यातरी मुलावर अन्याय होईल. क्रेडिट मानावेत, ते सीजीपीएच्या बाहेर ठेवावेत आणि मूळ गुणपत्रिका जशीच्या तशी मागे जोडावी. ज्याला बघायची त्याने बघावी.

मला एक शंका ऐकायला मिळाली, ती टाळून पुढे जाणं बरं नाही. एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी विचारलं, मुलं तिकडे सोपे विषय घेतील, हिंडतील, फोटो काढतील, आणि आम्ही त्यांना २२ क्रेडिट का द्यायचे? शंका रास्त आहे. सोपे विषय घेणारी मुलं असतील. पण त्यावर उपाय तोच, आधीची सही. कुठले विषय घ्यायचे ते तुम्हीच ठरवून पाठवा, कठीण ठरवा. आणि हिंडण्याबद्दल एवढंच म्हणेन की मी हिंडले. तिथल्या चुनखडीच्या टेकडीवरच्या जंगलात रविवारी जायचे, पानांखालची वीतभर काळी माती आणि लगेच खाली पांढरा दगड बघायचे, आणि मनात म्हणायचे, इथे काळी आणि पांढरी एकाच जागी आहेत. भूगोलाच्या विद्यार्थिनीने हिंडायचं नाही तर कुणी हिंडायचं?

तिथे तास संपला की मुलं टाळ्या वाजवत नाहीत, बाकावर बोटांच्या पेरांनी टकटक करतात. सत्राच्या शेवटी आम्ही प्रत्येकाने आपल्या निबंधाचा विषय वर्गापुढे मांडला. मी भेगेतल्या खुरप्याचा फोटो पडद्यावर लावला आणि हे माझ्या वडिलांनी मोजलंय असं सांगितलं. बोलणं संपल्यावर ती टकटक झाली. बराच वेळ चालू होती. त्या रात्री फोन करून मी ती वडिलांना स्वयंपाकघरातल्या टेबलावर वाजवून ऐकवली. त्यांना आधी काही कळलंच नाही.

हे पत्र आत्ताच लिहायचं कारण वेगळं आहे. यंदा माझा निकाल लागला, मी पास झाले, माझं जे व्हायचं ते होऊन गेलं. माझ्या गुणपत्रिकेवरचे ‘एबी’ काढावेत म्हणून मी लिहीत नाहीये. गेल्या आठवड्यात विभागातल्या दोन मुली मला भेटायला आल्या. एकीची ग्योटिंगेनसाठीच निवड झाली आहे, दुसरी प्रतीक्षा यादीत. त्यांनी विचारलं, ताई, जाऊ का? मी सगळं खरं सांगितलं. खड्ड्याबद्दल, निबंधाबद्दल, आणि गेलेल्या वर्षाबद्दलही. प्रतीक्षा यादीतली मुलगी शांतपणे ऐकत होती. उठताना म्हणाली, घरी एक वर्ष जास्त चालणार नाही, मी नाव काढून घेते. ती आमच्या वर्गातल्या कुणाहीपेक्षा हुशार आहे. तिच्या गावाकडे भात आणि जांभा दगड. जांभ्याच्या तांबड्या मातीबद्दल तिला सांगण्यासारखं खूप होतं.

दुसरीने नाव काढलेलं नाही. तिच्या लर्निंग अ‍ॅग्रीमेंटवर तिची स्वतःची सही झाली आहे, ग्योटिंगेनची झाली आहे. विभागप्रमुख सह्या करतील, ते मुलांच्या बाजूचे आहेत. त्याखाली एक रेघ मोकळी आहे. तिथे कुणी सही करायची ते कागदावर लिहिलेलं नाही. तिला सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात निघायचं आहे, व्हिसासाठी त्याआधी पुष्कळ दिवस लागतात. त्या रेघेवर सही कुणाची, एवढं मला लवकर कळवावं. मी तिला घेऊन येते.

आपली,
भूगोलाची एक माजी विद्यार्थिनी